उन्नतीचा बिघडलेला फोटो

जासईच्या नंदकुमार घरताला चहा बिघडलेला चालतो, मोटारसायकल बिघडलेली चालते, फोटो मात्र बिघडलेला चालत नाही. बावीस वर्षं त्यानं गावच्या नाक्यावर फोटो स्टुडिओ चालवला. आसपासच्या दहा गावांतली लग्नं, हळदी, बारशी त्याच्याच कॅमेऱ्यातून गेली. भर हळदीत बेंजो थांबवून नवऱ्याच्या आत्याला "जरा बाजूला हो, तुजी सावली नवऱ्यावर परते" असं सांगणारा, आणि आत्या हलेपर्यंत बटण न दाबणारा हा माणूस. लोक वैतागायचे, तोंडावर बोलायचे आणि पुढच्या लग्नाला पुन्हा त्यालाच बोलवायचे.

त्याचा खरा जीव मात्र निगेटिव्हमध्ये. धंद्याच्या पहिल्याच वर्षी त्यानं एका ओळखीच्याला विश्वासानं एक रोल बघायला दिला होता. परत आला तेव्हा त्यावर नखाचा ओरखडा होता. तो ओरखडा नेमका नवरीच्या बापाच्या तोंडावरून गेलेला, आणि बाप पुढच्याच महिन्यात गेला. त्या मुलीनं आपल्या बापाचा शेवटचा फोटो मागितला तेव्हा नंदकुमारनं तिला तो ओरखड्यासकट धुऊन दिला. त्या दिवसापासून निगेटिव्हला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. लोखंडी कपाटाची किल्ली त्याच्या करगोट्याला असायची. बायको म्हणायची, "मेल्यावर तरी देशील का ती मना?" त्यावर तो विचार करून उत्तर द्यायचा, "बघू."

मग सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओचं शटर खाली आलं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर आता काय करायचं म्हणून बसला असताना त्याला वैजयंतीबाईंची शाळा मिळाली, की त्यांना तो मिळाला, हे सांगणं कठीण आहे.

वैजयंतीबाई बेलापूरला एका बैठ्या बंगल्यात ज्यांना बोलता येत नाही अशा मुलांची शाळा चालवतात. तेवीस मुलं. कुणाला शब्द फुटत नाहीत, कुणाला फुटतात पण जोडता येत नाहीत. त्यांनी ओळखपत्रांच्या फोटोंसाठी नंदकुमारला बोलावलं होतं. आधी आलेले दोन फोटोग्राफर 'मुलं कॅमेऱ्याकडे बघत नाहीत' म्हणून तासाभरात निघून गेलेले. नंदकुमार तीन दिवस आला. एकेका मुलासमोर फरशीवर मांडी घालून बसायचा आणि त्याची नजर आपल्यावरून सहज जाईल त्या क्षणाची वाट बघायचा. चौथ्या दिवशी वैजयंतीबाईंनी त्याला कामावर ठेवलं.

काम असं होतं. प्रत्येक मुलाच्या हातात एक टॅब असतो. त्यावर चौकोन असतात, चौकोनात चित्रं असतात. चित्रावर बोट ठेवलं की टॅब बोलतो: 'पाणी', 'भूक लागली', 'नको'. मुलाची जीभ म्हणजे तो टॅब. आधी त्यात बाजारातली तयार चित्रं होती. कान्हा नावाचा मुलगा पेल्याच्या चित्राकडे ढुंकून बघायचा नाही. नंदकुमार त्याच्या घरी गेला, तो ज्या निळ्या बाटलीतून पाणी पितो तिचा फोटो काढला, चौकोनात घातला, आणि दुसऱ्या दिवशी कान्हानं आयुष्यात पहिल्यांदा पाणी मागितलं. त्यानंतर नंदकुमारनं तेवीस घरं पालथी घातली. ज्याची त्याची थाळी, ज्याची त्याची उशी, ज्याची त्याची आई. आयांचे फोटो तर असे काढले की त्या बायका स्वतःच बघत राहायच्या.

हे सगळं चालवणारं मशीन स्टाफरूममध्ये टेबलाखाली होतं. कुठल्याशा ऑफिसनं देऊन टाकलेला जुना संगणक. त्यावरचं अॅप मितेश नावाच्या इंजिनिअरनं फुकट बनवून दिलं होतं. मितेश ऐरोलीला नोकरी करतो आणि सवड मिळेल तसं शाळेचं काम बघतो. त्यानं एका रविवारी येऊन नंदकुमारला शिकवायला घेतलं.

"काका, हे अॅप कंटेनरमध्ये चालतं."

"जासईच्या मानसाला कंटेनर नको शिकवू," नंदकुमार म्हणाला. "बंदराकडं दिवसाला दोनशे जातात घरासमोरून."

"ते नाही हो. हा कंटेनर म्हणजे मशीनच्या आत बांधलेली एक बंद खोली समजा. अॅप त्या खोलीत राहतं. त्याला बाहेरचं काही दिसत नाही. नवीन व्हर्जन आलं की जुनी खोली पाडायची आणि नवी बांधायची. आतलं सगळं जुन्या खोलीबरोबर जातं."

"मग फोटो?"

"फोटो आत ठेवायचेच नाहीत. ते बाहेर, मशीनवरच्या तुमच्या फोल्डरमध्ये. खोली बांधताना सांगायचं, की बाबा, बाहेरचं हे फोल्डर तुला आतून वापरायला दिलं. खोली दहा वेळा पाडा, फोल्डर बाहेर जिथल्या तिथं."

हे नंदकुमारला पटकन कळलं. त्याच्या डार्करूमच्या भिंतीला अशीच एक छोटी झडप होती. आत अंधारात काम करता करता तो तिच्यातून हात घालून पलीकडच्या कपाटातला कागद घ्यायचा. त्यानं वहीत मितेश सांगेल तसं सगळं मराठीत उतरवलं: 'जुना थांबवणे. जुना काढून टाकणे. नवा बांधणे. फोल्डर देणे विसरू नये.' शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या, आणि प्रत्येकापुढं मशीनवर टाइप करायची इंग्रजी ओळ लिहून घेतली.

बोलता बोलता मितेश म्हणाला, की फोल्डर द्यायच्या ओळीच्या शेवटी आर आणि ओ ही दोन इंग्रजी अक्षरं टाकली, तर आतल्या अॅपला फोल्डर फक्त बघता येतं. त्यात काही ठेवता येत नाही, काही पुसता येत नाही. "पण आपल्याला त्याची गरज नाही, काका."

गरज नाही? नंदकुमारच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. आयुष्यभर लोखंडी कपाटं आणि करगोटे सांभाळले, आणि इथं नुसत्या दोन अक्षरांचं कुलूप! मितेशची पाठ वळली आणि त्यानं ती दोन अक्षरं टाकली. कुणाला सांगितलं नाही. तो स्वतः नवे फोटो बाहेरून, मशीनवर बसून, स्वतःच्या हातानं फोल्डरमध्ये घालायचा, त्यामुळे त्याचं काही अडलं नाही.

अडणार होतं ते पुढं. गणपतीनंतर मितेशनं अॅपमध्ये एक नवं बटण दिलं. ते दाबलं की टॅबवरूनच फोटो निघायचा आणि थेट चौकोनात बसायचा. आयांना नवीन काही घालायचं असेल तर नंदकुमारची वाट बघायला नको. आयांनी धडाधड फोटो काढले. कुणाचा मांजराचा, कुणाचा आजोळच्या झोपाळ्याचा. नंदकुमार ते बघून नाक मुरडायचा. उजेड नाही, चौकट नाही, काही नाही.

आणि एक दिवस उन्नतीच्या टॅबवर शेवटच्या चौकोनात एक फोटो दिसला, जो कुणीच काढलेला नव्हता.

उन्नती नऊ वर्षांची. दिवाळे गावची. आई नमिता बेलापूरच्या बाजारात मासळी विकते, बाप दुसऱ्याच्या बोटीवर जातो. उन्नती बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही. टॅबवर पाणी आणि शू एवढंच सांगायची, तेही कधीमधी. बाईंनी आयांना बटण कसं दाबायचं ते दाखवलं तेव्हा ती कोपऱ्यात स्वतःची बोटं मोजत बसलेली होती. बघत होती हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. हा फोटो तिनं स्वतः काढला होता.

नंदकुमारनं तो बघितला आणि म्हणाला, "हललाय. पुसून टाकू?"

"राहू द्या," वैजयंतीबाई म्हणाल्या.

राहिला. आणि उन्नती तो फोटो दाबायला लागली. त्याला आवाज भरलेला नव्हता, त्यामुळे टॅब नुसता टुक करायचा. ती दिवसातून चाळीस-पन्नास वेळा दाबायची. टुक. टुक. शेजारीच नंदकुमारनं काढलेला नमिताचा फोटो होता, केसांत अबोली, गालावर खिडकीचा उजेड, त्याच्या कारकिर्दीतला पहिल्या पाचांत बसेल असा. त्याला उन्नतीनं एकदाही बोट लावलं नव्हतं. नंदकुमारला ते थोडं लागलंही होतं. आता खोटं कशाला सांगा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मितेशनं नवं व्हर्जन दिलं. शनिवारी नंदकुमारनं वही उघडली आणि ओळीनं सगळं केलं. जुना थांबवला. काढून टाकला. नवा बांधला. फोल्डर दिलं. दोन अक्षरं टाकली.

सोमवारी सकाळी बटण दाबून काढलेले सगळे फोटो टॅबवरून गेलेले होते. अकरा होते. नंदकुमारनं मितेशला फोन लावला.

"काका, आर-ओ लावलाय का तुम्ही?"

"लावलाय."

"कधीपासून?"

"पयल्यापासून."

मग मितेश सावकाश म्हणाला, "मग ते फोटो बाहेर गेलेच नसणार. फोल्डरमध्ये ठेवता आलं नाही, तर तात्पुरतं आतच ठेवायचं, अशी सोय मीच केली होती. मुलांच्या हातात टॅब अडकायला नको म्हणून. ते सगळे जुन्या कंटेनरच्या पोटात होते."

"तो मी शनवारी काढून टाकला."

"नुसता थांबवला असेल तर आणता येईल."

"काढून टाकला, मितेश."

"टेन्शन नका घेऊ, काका," मितेश म्हणाला. संध्याकाळी तो स्वतः आला, मशीन पालथं घातलं, टॅब तपासले. काही मिळालं नाही. चूक अर्धी माझी आहे, असंही म्हणाला. नंदकुमारनं ऐकून घेतलं, पण अर्धी वाटून घ्यायची त्याची तयारी नव्हती.

त्यानं वैजयंतीबाईंना सगळं सांगितलं. कुलूप, दोन अक्षरं, सगळं. "फोटो जपायला कुलूप लावला, त्या कुलपानंच घालवला," तो म्हणाला. बाई रागावल्या नाहीत. दहा फोटो कशाचे होते ते त्या त्या आयांना माहीत होतं, ते पुन्हा निघणार होते. मांजर घरात होतं, झोपाळा आजोळी होता.

"उन्नतीचाही पुन्हा काढू," बाई म्हणाल्या.

"कशाचा काढू?"

तो फोटो कशाचा होता, हे उन्नतीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

सोमवारी उन्नतीनं शेवटच्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. पुन्हा ठेवलं. नख रुतेल इतकं दाबलं. मग टॅब पालथा घालून बाकावर ठेवला आणि पुन्हा सरळ केला नाही. मंगळवारी पाणी मागितलं नाही, तहानलेलीच घरी गेली. बुधवारी मनगट चावायला लागली. ही सवय दोन वर्षांपूर्वी सुटली होती. तो एक चौकोन परत मिळाला नाही, तर ही मुलगी टॅबला पुन्हा हात लावणार नाही, असं वैजयंतीबाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं. शाळेत हे घडलेलं त्यांनी पूर्वी पाहिलं होतं.

नंदकुमारनं सगळ्यांना विचारलं, तो फोटो आठवतोय का? शेवंताबाई मुलांना सांभाळतात, त्या म्हणाल्या, नारिंगी होता. वैजयंतीबाई म्हणाल्या, सूर्यास्तासारखा, खाली उजेड आणि वर काळं. नमिता दुपारी उन्नतीला न्यायला आली तेव्हा तिलाही विचारलं.

"मना होडीवानी वाटलेला," ती म्हणाली. "दोन काल्या होड्या पान्यान. पन मी नीट कवा बगला, दादा."

"चूक माजी हाय, नमिता. मीच घालवला तो."

तिनं मुलीकडे बघितलं. उन्नती तिच्यापासून हातभर अंतरावर भिंतीकडे तोंड करून उभी होती. "एक बोलू?" नमिता म्हणाली. "त्या फोटोन काय होता त्यो तिलाच ठावं. मी सकालपासून बाजारान बसते, धावतपलत हितं येते. ती माज्याकडं बगत पन नाय. मी आयली काय नि नाय काय, तिला सारखाच. तुमी माजा येवढा चांगला फोटो काढला, त्याला तरी बोट लावलान काय?" आणि हसल्यासारखं करून तिनं उन्नतीचं दप्तर उचललं.

होड्या म्हटल्यावर नंदकुमार त्याच संध्याकाळी दिवाळ्याच्या जेट्टीवर गेला. खाडीवर सूर्य टेकला होता. दोन काळ्या होड्या बरोबर मधे येईपर्यंत तो चिखलात उभा राहिला. सुंदर फोटो आला. गुरुवारी सकाळी फोल्डरमध्ये घालून त्यानं तो उन्नतीला दाखवला. तिनं टॅब ढकलला. त्यानं शाळेतली नारिंगी खुर्ची दाखवली, नारिंगी बादली दाखवली, बोटीवरचं जाळं, देवापुढची समई, पिकलेली पपई दाखवली. संध्याकाळपर्यंत सव्वीस फोटो झाले. सव्विसाव्याला तिनं त्याच्या हाताला चावा घेतला.

शेवंताबाई हळद घेऊन धावल्या. वैजयंतीबाई मात्र दारात उभ्या राहून बघत होत्या. "घरत," त्या म्हणाल्या, "सगळे तुम्हीच काढताय. तिच्या हातात टॅब द्या की."

"तिला दिला तर..." नंदकुमार म्हणाला आणि थांबला. 'बिघडवेल' असं तो म्हणणार होता.

त्या संध्याकाळी घरी पडवीत बसून त्यानं तो फोटो आठवायचा प्रयत्न केला. त्याला स्वतःची लाज वाटली. बावीस वर्षं लोकांच्या फोटोंतली टाचणीएवढी चूक शोधणाऱ्या माणसानं हा फोटो एकदाही नीट बघितला नव्हता. हललाय म्हटलं आणि सोडून दिला. आता डोळे मिटून तो कडेकडेनं आठवू लागला. खाली नारिंगी पट्टा. पट्ट्यात दोन काळे गोळे. वरचं सगळं काळं. आणि अगदी खालच्या कडेला? तिथं काहीतरी राखाडी होतं, पांढऱ्या ठिपक्यांचं. म्हणजे कॅमेऱ्याच्या अगदी जवळची वस्तू. ठिपक्यांची राखाडी लादी तर शाळाभर आहे. पण लादी फोटोच्या तळाला एवढी मोठी यायची, तर कॅमेरा किती खाली हवा?

तो उठून उभा राहिला. कॅमेरा लादीवरच ठेवलेला होता.

शुक्रवारी सकाळी तो प्रार्थनेच्या आधी शाळेत आला आणि मशीनसमोर बसला. वहीतली फोल्डर द्यायची ओळ टाइप केली. शेवटची दोन अक्षरं मात्र टाकली नाहीत. हे सोपं गेलं असं कुणी समजू नये. कंटेनर नवा बांधून झाल्यावर तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला, उघड्या कपाटासमोर बसावं तसा. आता त्या फोल्डरमध्ये कुणीही काहीही ठेवू शकत होतं. पुसूही शकत होतं. मग त्यानं सगळ्या फोटोंची एक नक्कल पेनड्राइव्हवर घेतली आणि पेनड्राइव्ह करगोट्याला बांधला. माणूस एका दिवसात किती बदलणार?

दिवसभर तो उन्नतीच्या मागं मागं होता. ती कुठं बसते, कुठं वाकते. पण ती फरशीवर कुठं आडवी होईना. सव्वातीन झाले. शाळा साडेतीनला सुटते. तेवढ्यात उन्नती उठली, पुढच्या दरवाजाशी गेली आणि पोटावर पालथी पडली, गाल लादीला टेकवून.

"आलं का रोजचं सुरू," म्हणत शेवंताबाई तिला उचलायला निघाल्या. त्या रोजच उचलायच्या. पोरीला घरी जायचा कंटाळा येतो म्हणून ती लोळते, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

"नको!" नंदकुमार ओरडला.

आणि मग हा बावन्न वर्षांचा, गुडघेदुखीचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस कण्हत कण्हत उन्नतीच्या शेजारी लादीवर पालथा झाला. गाल टेकवला.

शाळेचा दरवाजा पावसाळ्यात फुगतो, म्हणून सुतारानं तो खालून तासला होता. दोन बोटं फट होती. बाहेर ओसरीवर भगव्या फायबरचा पत्रा आहे, दुपारचं ऊन त्यातून गाळून येतं. फटीतून नारिंगी उजेडाचा एक लांब पट्टा दिसत होता. वर दरवाजाचा अंधार. खाली ठिपक्यांची लादी.

पट्टा रिकामा होता. उन्नती हलत नव्हती. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बाकड्यावर बसलेल्या आयांच्या गप्पा ऐकू येत होत्या. मग पावलं वाजली आणि पट्ट्यात दोन काळ्या रबरी चपला येऊन थांबल्या.

नमिताच्या. नमिता बाकड्यावर बसत नाही. अंगाला मासळीचा वास येतो, उगाच कुणाला त्रास नको म्हणून ती बाकीच्या बायांपासून लांब, दाराला लागून उभी राहते. रोज सव्वातीनला. साडेतीनला कडी निघेपर्यंत.

उन्नतीच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. तिनं दोन्ही हात पंखांसारखे फडफडवले.

दिवसभर टुक टुक चाललेलं असायचं ते हे. केसांत अबोली माळलेली आई तिला नकोच होती. ती आई फोटोतली. दाराशी येऊन उभी राहणारी आई तिला पाहिजे होती, आणि ती येईपर्यंत दिवसभर ती त्या दोन काळ्या ठिपक्यांवर बोट ठेवून होती.

कॅमेरा त्याच्या गळ्यात होता. उजेड सुरेख होता. त्यानं कॅमेऱ्याला हात लावला नाही. शेवंताबाईंना खुणेनं टॅब आणायला सांगितला आणि तो लादीवर उन्नतीच्या हाताजवळ सरकवला. पाच दिवसांत तिनं टॅब सरळ केला नव्हता. आता केला. उभा धरला, लादीला टेकवला, बटण दाबलं. हात हललाच.

शेवटच्या चौकोनात फोटो उमटला. ती त्यावर बोट ठेवायला लागली. टुक. टुक. टुक.

नंदकुमार भिंतीला धरून उठला आणि स्टाफरूममध्ये जाऊन मशीनवर फोल्डर उघडलं. शेकडो फोटो त्याचे, आणि सगळ्यांत खाली एक नवा. बाहेरच्या फोल्डरमध्ये, पक्का. लादी, नारिंगी पट्टा, दोन काळे गोळे, हललेला. त्यानं तो मोठा करून बघितला आणि बघतच राहिला. चष्मा काढून पुसला.

तो परत आला तेव्हा साडेतीन झाले होते आणि शेवंताबाईंनी कडी काढली होती. नमिता दारात उभी होती. मुलगी जमिनीवर पडलेली बघून ती घाबरली. "काय झाला? परली काय?"

"परली नाय," नंदकुमार म्हणाला. "नमिता, हिकडं ये. हे बग." त्यानं टॅब तिच्यासमोर धरला.

"गावला?" ती बघत राहिली. "काय हाय ह्यो?"

"तुजं पाय."

तिला कळलं नाही. त्यानं दार लोटलं, खालची फट दाखवली. "तू सव्वातीनला हितं येऊन उबी राहतेस. ही आतून बगते. रोज बगते. आमी रोज उचलून नेतो तिला, आमाला कुनाला कललाच नाय. दिवसभर जो फोटो दाबते ना, त्यो हा. तुजीच वाट बगते ती, नमिता. सकालपासून."

नमितानं तोंडाला पदर लावला. उन्नतीनं तिच्याकडे बघितलं नाही. ती लादीवरच होती, नजर फटीवर. फट आता रिकामी होती, कारण आई आत आली होती, आणि तिची बोटं अस्वस्थपणे लादीवर वाजत होती.

नमिताच्या ते ध्यानात आलं. इतरांच्या आधी आलं. ती वळली, बाहेर गेली आणि तिनं आपल्या हातानं दार ओढून घेतलं.

आत सगळे उभे राहिले. नंदकुमार गुडघ्यांची पर्वा न करता पुन्हा खाली बसला, गाल लादीला टेकवला. नारिंगी पट्ट्यात दोन काळ्या चपला परत येऊन उभ्या राहिल्या होत्या. मग त्यातला एक पाय चपलेतून बाहेर आला, फटीच्या अगदी जवळ आला आणि त्यानं पाचही बोटं हलवली.

उन्नती खदखदून हसली. हे हसू शाळेत कुणी ऐकलं नव्हतं. दाराच्या पलीकडेही ते ऐकू गेलं असणार, कारण बोटं थांबली, आणि थोड्या वेळानं पुन्हा हलायला लागली.